२०,२८३ पेट्यांचे बिल: पहिले अफू युद्ध पैशासाठी झाले की तत्त्वासाठी?

२७ मार्च १८३९ रोजी चीनमधल्या कॅन्टन बंदरातल्या परदेशी वखारींमध्ये ब्रिटनचा व्यापार अधीक्षक कॅप्टन चार्ल्स एलियट याने एक जाहीरनामा काढला. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी ताब्यातली सगळी अफू त्याच्या स्वाधीन करावी, तो ती चिनी सरकारला देईल आणि तिच्या किमतीची जबाबदारी ब्रिटिश सरकारवर राहील, असा त्याचा आशय होता. व्यापाऱ्यांनी २०,२८३ पेट्या लिहून दिल्या, आणि त्यासाठी त्यांची फार मनधरणीही करावी लागली नाही. चिनी धरपकडीमुळे त्या हंगामात अफूचा बाजार बसला होता. पडून राहिलेल्या मालाला अचानक सरकारच गिऱ्हाईक म्हणून मिळाले.

अशी हमी देण्याचा एलियटला कसलाही अधिकार नव्हता.

युद्धे आर्थिक हितापोटी होतात की विचारसरणीपोटी, या प्रश्नासाठी १८३९ ते १८४२ चे पहिले अफू युद्ध हे चांगले प्रकरण आहे. ते सरळ आहे म्हणून नव्हे. उलट दोन्ही बाजूंचा पुरावा इथे भरपूर आहे आणि कोणी, कधी, काय माहिती असताना काय ठरवले, याचे कागद शिल्लक आहेत. ‘युद्ध का झाले’ असा एकच प्रश्न विचारला की प्रत्येकाला आपले आवडते उत्तर सापडते. म्हणून इथे निर्णय सुटे करून तपासले आहेत. प्रत्येक निर्णयाला तीन प्रश्न लावले: त्या क्षणी दुसरा कोणता मार्ग खुला होता, तो का सोडला, आणि सोडल्याची किंमत कोणाच्या खिशातून जाणार होती?

चहा, चांदी आणि माळव्याची अफू

ब्रिटनला चहा हवा होता. चीनला ब्रिटनचा माल फारसा नको होता, त्यामुळे चहाचे पैसे चांदीत मोजावे लागत. लंडनच्या सरकारला चहावरच्या जकातीतून वर्षाला तीस लाख पौंडांहून अधिक मिळत, म्हणून चहा थांबणे परवडणारे नव्हते. चांदीची ही गळती भारतातल्या अफूने थांबवली, आणि पुढे उलटी फिरवली.

व्यवहार असा चाले. ईस्ट इंडिया कंपनी पाटणा आणि बनारसची अफू कलकत्त्याच्या लिलावात खाजगी व्यापाऱ्यांना विकून मोकळी होई. कंपनीच्या जहाजावर अफू चढत नसे, त्यामुळे कागदोपत्री कंपनीचा तस्करीशी संबंध उरत नसे. व्यापारी माल चीनच्या किनाऱ्यावर नांगरलेल्या गोदाम-जहाजांवर उतरवत. तिथून चिनी तस्कर रोख चांदी देऊन तो वेगवान वल्ह्यांच्या होड्यांतून नेत. ती चांदी कॅन्टनमध्ये कंपनीच्या तिजोरीत भरायची, बदल्यात लंडनवरची किंवा कलकत्त्यावरची हुंडी घ्यायची आणि कंपनीने त्याच चांदीने चहा खरेदी करायचा. १८३४ मध्ये चीनच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी संपली तेव्हा हुंड्या वटवणारे हात बदलले, चक्र तेच राहिले.

चीनमध्ये जाणारी अफू १८२० च्या सुमारास वर्षाला चार-पाच हजार पेट्या होती. १८३० च्या आसपास ती एकोणीस हजारांवर गेली आणि १८३८-३९ च्या हंगामात चाळीस हजारांच्या घरात पोहोचली. या वाढीचा मोठा वाटा माळव्याचा, आणि इथे मुंबई चित्रात येते.

बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यात होती. माळव्याची अफू मात्र शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत होती. १८१८ नंतर कंपनीने तिची सगळी खरेदी आपल्याकडे ओढण्याचा, तिची लागवड आणि वाहतूक तहांनी अडवण्याचा प्रयत्न करून पाहिला. ते जमले नाही. माल राजपुतान्यातून कराचीला आणि तिथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला निसटत होता. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने व्यवहारी तोडगा काढला: पेटीमागे १७५ रुपये भरा, पास घ्या आणि माल उघडपणे मुंबईला आणा. तरीही आडवाट स्वस्त पडते म्हटल्यावर १८३५ मध्ये पासचा दर १२५ वर आणावा लागला. माळव्याची पेटी साधारण एक पिकुल, म्हणजे सुमारे ६० किलोची. बंगालची पेटी याहून जड, तिच्यात चाळीस गोळे बसत.

मुंबईच्या पारशी, गुजराती, मारवाडी आणि कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांचे भांडवल या मालात अडकलेले होते. सर्वांत मोठे नाव जमशेटजी जिजीभॉय यांचे. कॅन्टनची जार्डिन मॅथेसन ही पेढी त्यांचा माल विके. विल्यम जार्डिनशी त्यांची ओळख १८०५ मध्ये एकाच जहाजावर फ्रेंचांच्या कैदेत सापडल्यापासूनची. हा दुवा लक्षात ठेवला पाहिजे, कारण अफूचा प्रश्न पुढे ‘ब्रिटिश मालमत्तेचा’ म्हणून मांडला गेला. त्या मालमत्तेचा मोठा हिस्सा मुंबईच्या पेढ्यांच्या चोपड्यांत होता.

पेकिंगने सोडलेला सोपा मार्ग

१८३६ मध्ये शू नायजी या चिनी अधिकाऱ्याने सम्राट दाओग्वांगपुढे एक रोखठोक सूचना मांडली: अफू कायदेशीर करा, तिच्यावर जकात लावा आणि मोबदला चांदीत न देता मालाच्या अदलाबदलीत द्या. चांदी देशात राहील, खजिन्यात भर पडेल, तस्करांचे राज्य संपेल. हा बदल होणारच असे कॅन्टनमधल्या परदेशी व्यापाऱ्यांना आणि एलियटलाही वाटत होते.

ती सूचना मान्य झाली नाही. निव्वळ हिशेबाने पाहिले तर तिच्यात खोट काढणे अवघड होते. आड आले ते राज्याविषयीचे आकलन. प्रजेच्या विषावर कर घेणारा सम्राट हा सम्राटच कसा, असा तो आक्षेप होता आणि तो दिखाऊ नव्हता. १८३८ मध्ये शू नायजी यांना पदावरून दूर करण्यात आले.

पण नीतीचा आग्रह नवा नव्हता. अफूबंदीचे पहिले फर्मान १७२९ चे. मग १८३८ मध्येच एवढी कडक कारवाई का? उत्तर तांब्याच्या नाण्यांत आहे. सरकारी दराने एक ताएल (चिनी वजन) चांदी म्हणजे एक हजार तांब्याची नाणी. १८३८ पर्यंत बाजारात तोच ताएल सोळाशे नाण्यांच्या आसपास गेला होता. शेतकऱ्याची कमाई तांब्यात आणि सारा चांदीच्या हिशेबाने, म्हणजे कागदावर कर न वाढताही तो दीडपटीहून अधिक झाला. दक्षिण अमेरिकेतून येणारी चांदी आटणे हेही त्यामागचे एक कारण होते, पण पेकिंगला दिसत होती ती अफू. चिनी अधिकारी ह्वांग ज्वेझी यांनी १८३८ मध्ये अफू ओढणाऱ्यांना देहान्ताची शिक्षा सुचवली, तेव्हा त्यांच्या निवेदनाचा भर चांदीच्या गळतीवरच होता.

म्हणजे बंदी कधी आवळायची हे चांदीने ठरवले. अफूवर जकात लावायची की ती बंदच करायची, हे मात्र विचारसरणीने ठरवले. चीनच्या बाजूला कोणतेही एकच कारण लावले की या दोनपैकी एक गोष्ट निसटते.

हमीने काय बदलले

सम्राटाकडून खास अधिकार घेऊन आलेला अधिकारी लिन झेशू मार्च १८३९ मध्ये कॅन्टनला पोहोचला. २४ मार्चपासून त्याने वखारी वेढल्या, चिनी नोकर काढून घेतले आणि व्यापार बंद केला. आत सुमारे साडेतीनशे परदेशी होते. लिनने पेटीमागे पाच कॅटी, म्हणजे तीन किलो चहा देऊ केला होता. भरपाई म्हणावी इतकी ती रक्कम नव्हती.

एलियटला अफूचा व्यापार मनापासून नापसंत होता आणि तसे त्याने वरिष्ठांना लिहिलेही होते. त्याने हमी दिली ती दोन गोष्टींसाठी: कोंडलेली माणसे सुटावीत आणि चहाचा हंगाम बुडू नये. तोपर्यंत तो माल निषिद्ध होता आणि परक्या देशाचा कायदा मोडून आणलेला होता. तो जप्त झाला असता तर व्यापाऱ्यांनी आरडाओरड केली असती, पण लंडनवर कायदेशीर बोजा पडला नसता. हमीनंतर तोच माल राणीच्या सरकारचा ठरला आणि सरकारच्या डोक्यावर सुमारे वीस लाख पौंडांचा दावा बसला.

लिनने त्याच्या बाजूने काम चोख केले. ३ जूनपासून सुमारे तीन आठवडे हुमेनच्या किनाऱ्यावर शेकडो मजुरांनी मोठ्या चरांत अफू मिठाच्या पाण्यात भिजवली, वर चुना टाकून ढवळली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडली. चोऱ्या होऊ नयेत म्हणून जागेभोवती कुंपण आणि पहारा होता. अफू नुसती जाळली तर अर्क जमिनीत मुरतो आणि ती माती उकरून पुन्हा काढता येतो, हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून चुन्याची पद्धत. कॅन्टनमधून त्या काळी लंडनला पत्र पोहोचायला चार-पाच महिने लागत. चर बुजले तेव्हा लंडनला हमीचीही खबर नव्हती.

विंडसरची बैठक

१ ऑक्टोबर १८३९ रोजी विंडसर येथे लॉर्ड मेलबर्नच्या मंत्रिमंडळाने आरमार पाठवण्याचे ठरवले. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. इथे चार मार्ग होते. संसदेकडून पैसे मागून व्यापाऱ्यांना देणे, कंपनीच्या गळ्यात मारणे, हमी नाकारणे किंवा चीनकडून वसूल करणे. अंदाजपत्रक तुटीत होते आणि सरकारचे बहुमत जेमतेम होते. तस्करांच्या भरपाईसाठी वीस लाख पौंड मागायला उभे राहणे म्हणजे सरकार पाडून घेणे. कंपनी तयार नव्हती. हमी नाकारली तर पुढे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सहीला कोण विचारणार? पैसा कोण देणार हा प्रश्न त्या बैठकीत उघडपणे निघाला होता, आणि चौथा मार्ग उरला.

परराष्ट्रमंत्री पामर्स्टनपुढे तोवर आणखी एक माणूस नकाशे घेऊन बसून गेला होता: चीनहून परतलेला विल्यम जार्डिन. किती जहाजे लागतील, कोणती बंदरे अडवायची, कोणते बेट घ्यायचे, हे त्याने सांगितले. युद्ध जिंकल्यावर पामर्स्टनने जार्डिनचा हस्तक असलेला खासदार आणि सावकार जॉन एबल स्मिथ याला या माहितीबद्दल आभाराचे पत्र पाठवले. ‘व्यापाऱ्यांनी युद्ध घडवले’ म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट पुरावा. तो खरा आहे, पण त्यातून युद्ध कसे लढवले गेले ते कळते. व्यापारी कित्येक वर्षे आरमार मागत होते, आणि हमी येईपर्यंत ते त्यांना मिळाले नव्हते.

मग संसदेत विचारसरणी काय करत होती? मते गोळा करत होती. एप्रिल १८४० मध्ये तीन दिवस वादविवाद झाला. ग्लॅडस्टन या तरुण विरोधी सदस्याने युद्धाला अन्याय्य आणि देशाला कायमचा कलंक लावणारे म्हटले. सरकारतर्फे मेकॉले झेंड्याच्या प्रतिष्ठेवर आणि परदेशात कोंडलेल्या देशबांधवांवर बोलले. वीस लाख पौंडांच्या बिलासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. सरकार २७१ विरुद्ध २६२, फक्त नऊ मतांनी वाचले. नऊ मतांचा फरक असताना प्रतिष्ठेची भाषा निव्वळ मुलामा होती, असे म्हणणे धाडसाचे आहे. ती नसती तर मोहीम तिथेच बुडण्याची शक्यता होती.

तांदूळ घेऊन आलेले जहाज

मुक्त व्यापार हे ब्रिटनचे तत्त्व होते, असे दुसरे स्पष्टीकरण दिले जाते. ते तपासायला ३ नोव्हेंबर १८३९ ची चुआनबीची चकमक पुरेशी आहे. लिनने अट घातली होती की, ज्या जहाजाचा कप्तान अफू आणणार नाही असे देहान्ताच्या कबुलीसह लिहून देईल, त्याने खुशाल व्यापार करावा. एलियटने ब्रिटिश जहाजांना सही करायला मनाई केली. तरी मुंबईहून आलेल्या ‘थॉमस कूट्स’ने ऑक्टोबरमध्ये सही करून माल उतरवला. मागोमाग जावाहून तांदूळ घेऊन आलेले ‘रॉयल सॅक्सन’ निघाले. त्याला ब्रिटिश युद्धनौकांनी अडवले, चिनी नौदल त्याच्या संरक्षणाला पुढे आले आणि गोळाबारी सुरू झाली. परवानगीने, कायदेशीर मालाचा व्यापार करू पाहणाऱ्या ब्रिटिश जहाजाला ब्रिटिश आरमार अडवत होते आणि चिनी नौदल वाट मोकळी करत होते.

इथे मुक्त व्यापाराचे स्पष्टीकरण टिकत नाही. पण केवळ नफ्याचेही टिकत नाही, कारण चहाचा फायदा सही करण्यात होता. एलियट अडून बसला तो न्यायाधिकारावर: ब्रिटिश प्रजाजनाला चिनी न्यायाधीशाने फाशी द्यावी हे त्याला मान्य नव्हते. जुलैमध्ये काउलूनला ब्रिटिश खलाशांच्या मारहाणीत लिन वेइशी हा गावकरी मेला, तेव्हाही आरोपी सोपवायला त्याने याच कारणासाठी नकार दिला होता.

साठ लाख आणि दोन कोटी दहा लाख

१८४० च्या उन्हाळ्यात मोहीम पोहोचली. जुलैमध्ये चुसान बेटावर तोफा डागणारे ‘वेलस्ली’ आणि १८४२ मध्ये ज्याच्यावर तहाच्या सह्या झाल्या ते ‘कॉर्नवॉलिस’, ही दोन्ही जहाजे मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली. फौजेत बंगाल आणि मद्रासच्या पलटणी होत्या.

जानेवारी १८४१ मध्ये एलियट आणि चिनी प्रतिनिधी चीशान यांनी तडजोडीचा मसुदा केला: साठ लाख डॉलर हप्त्याने, हाँगकाँग आणि पुन्हा व्यापार. युद्ध थांबवायला एवढे पुरेसे असायला हवे होते. दोन्ही राजधान्यांनी ते फेकून दिले, आणि दोघांची कारणे शेजारी ठेवली की फरक लख्ख दिसतो.

पामर्स्टनची तक्रार हिशेबाची होती. साठ लाखांत फार तर अफूची भरपाई होते. मोहिमेचा खर्च आणि होंग व्यापाऱ्यांकडची, म्हणजे परदेशी व्यापाराचा परवाना असलेल्या चिनी व्यापाऱ्यांकडची, जुनी थकबाकी कुठे आहे? शिवाय बदल्यात मिळाले ते घर नसलेले उजाड बेट. एलियटला त्याने परत बोलावले आणि हेन्री पॉटिंजर याला पाठवले. सम्राटाची तक्रार पैशाची नव्हती. बंडखोर रानट्यांना जमीन दिली, हा चीशानचा गुन्हा ठरला. त्याची मालमत्ता जप्त करून त्याला बेड्या घालून नेण्यात आले.

१८४२ च्या जुलैमध्ये इंग्रजांनी झेनजियांग घेतले. तिथे यांगत्से नदी आणि पेकिंगला धान्य नेणारा महाकालवा एकमेकांना छेदतात. राजधानीचा तांदूळ अडला आणि वाटाघाटी वेगाने संपल्या. २९ ऑगस्टच्या नानकिंगच्या तहात आकडा दोन कोटी दहा लाख डॉलरचा झाला: अफूचे साठ लाख, होंग थकबाकीचे तीस लाख, युद्धखर्चाचे एक कोटी वीस लाख. हप्ते १८४५ पर्यंत, उशिरा दिल्यास पाच टक्के व्याज. साठ लाखांना २०,२८३ ने भागले तर पेटीमागे सुमारे २९६ डॉलर येतात, म्हणजे त्या काळच्या दराने ६४ पौंडांच्या आसपास. पुढे ब्रिटिश सरकारने माळव्याच्या पेटीला साधारण तेवढेच दिले. बिल पेटीपर्यंत जुळते.

तहाच्या तेरा कलमांत पाच बंदरे, कोहोंगच्या, म्हणजे होंग व्यापाऱ्यांच्या संघाच्या, मक्तेदारीचा शेवट आणि अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात समान दर्जाची भाषा हेही आहे. समान दर्जाचे हे कलम पैशात मोजता येत नाही. १७९३ मध्ये ब्रिटनने चीनच्या दरबारी पाठवलेल्या मॅकार्टनी वकिलातीपासून साचलेला मानापमान तिथे मिटवला गेला. अफूच्या व्यापाराला मात्र तहात परवानगी नाही. ती १८५८ मध्ये, दुसऱ्या अफू युद्धादरम्यान, पिकुलामागे तीस ताएल जकात लावून आली.

वाचताना होणाऱ्या चुका

भाषणातले कारण हेच निर्णयाचे कारण समजणे ही नेहमीची चूक. भाषण मतांसाठी असते, म्हणून ते बैठकीच्या नोंदींपासून वेगळे ठेवावे लागते. उलट चूकही तितकीच सर्रास होते: ज्याला फायदा झाला त्यानेच घडवले, असे धरून चालणे. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापड गिरणीवाल्यांनी पाच बंदरे उघडली म्हणून आनंद मानला होता. चाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्येने आपले कापड घेतले तर, असा त्यांचा हिशेब. १८५२ मध्ये हाँगकाँगचे अधिकारी मिचेल यांनी कळवले की, कापडाची विक्री वाढायचे नावच घेत नाही, कारण चिनी शेतकरी फावल्या वेळात घरचे मजबूत कापड विणतो. ज्याला आपण गिरणीवाल्यांचे आर्थिक हित म्हणतो ते त्या वेळी एक श्रद्धा होती आणि ती चुकली. हित नोंदवताना ते खरे होते की मानलेले होते, हे लिहिलेच पाहिजे.

‘ब्रिटन’ किंवा ‘चीन’ असा एकच कर्ता धरला तर हिशेबच बिघडतो. एलियट, जार्डिन, पामर्स्टन आणि जमशेटजी यांची हिते एका दिशेला होती ती काही महिनेच.

हीच पद्धत पुढच्याच वर्षाच्या सिंधच्या प्रकरणाला लावून पाहण्यासारखी आहे. १८४३ मध्ये ब्रिटिश सेनापती नेपियरने सिंध घेतला, कराचीची आडवाट बंद झाली आणि माळव्याच्या अफूच्या पासचा दर १२५ रुपयांवरून त्याच वर्षी २००, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४०० झाला. आकडे इतके सुबक आहेत की सिंध अफूसाठीच घेतला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ही वाढ युद्धानंतरची आहे. मोहिमेचा निर्णय झाला तेव्हा नेपियर आणि गव्हर्नर जनरल एलेनबरो यांच्या पत्रव्यवहारात अफूच्या पासला किती जागा होती, तिथपासून तपास सुरू करावा लागेल.